नमुना आणि माल



सांगलीच्या बाजार आवारात हळदीचे सौदे निघतात, तेव्हा खरेदीदार प्रत्येक पोते रिकामे करून पाहत नाही. पोत्यातून काढलेला नमुना तो तळहातावर घेतो, हळकुंड मोडून आतला रंग पाहतो, वास घेतो आणि त्या मूठभर मालावरून सबंध ढिगाची बोली लावतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या ख्यातीला रंग कारण आहे, तसाच ‘नमुना तसा माल’ हा विश्वासही कारण आहे. नमुन्यात एक आणि पोत्यात दुसरे निघाले, तर पुढच्या हंगामात त्या दुकानापुढे खरेदीदार थांबत नाही.

नोकरीची मुलाखत हा याच जातीचा व्यवहार आहे. वीस-पंचवीस वर्षे वाढलेला, शिकलेला, घडलेला एक माणूस अर्ध्या तासाच्या नमुन्यावरून जोखला जातो. आता तर हा नमुना आणखी लहान झाला आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, महाविद्यालयांतील नोकरभरतीच्या मुलाखती पडद्यावर गेल्या, आणि टाळेबंदी उठल्यावरही निदान पहिली फेरी तेथेच राहिली. समोरच्याला उमेदवाराची चाल दिसत नाही, नमस्कारातली अदब दिसत नाही; दिसतो तो खांद्यापासून वरचा चौकोन, आणि ऐकू येतो तो यंत्रातून गाळून आलेला आवाज. म्हणून या मुलाखतीची तयारी कशी करावी, हा आपल्या घराघरांतला प्रश्न झाला आहे. या अंकात त्याचाच विचार करू.

प्रवास वाचला, घर आत आले

पूर्वी पुण्यात मुलाखत असली, की साताऱ्याचा मुलगा पहाटेच्या एस.टी.ने निघे आणि सांगलीचा आदल्या रात्रीच. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. एखाद्या नातलगाकडे मुक्काम, सकाळी आंघोळ, इस्त्रीचा सदरा आणि हातात कागदांची फाईल. खर्च होई, दमणूक होई. परंतु त्या प्रवासात एक लाभही दडलेला होता. उंबरठा ओलांडताच दुकान मागे राही आणि उमेदवार एकटा, सावध होई.

पडद्यावरच्या मुलाखतीत हा उंबरठा ओलांडावाच लागत नाही. साताऱ्याच्या मोती चौकात काय किंवा सांगलीच्या गणपती पेठेत काय, कित्येक घरांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड आहे. वरच्या खोलीत मुलगी आपल्या शिक्षणाविषयी बोलत असते आणि जिन्यावरून हमालाची हाक येते. गल्ल्याजवळचे यंत्र ‘दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले’ अशी ग्वाही देते. काका आत डोकावून विचारतात, ‘झालं का गं?’ यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. आपल्या घरांत शांत बसलेला माणूस मोकळा समजला जातो, एवढेच.

म्हणून या मुलाखतीची पहिली तयारी उमेदवाराने करावयाची नसून घराने करावयाची आहे. आदल्या रात्री जेवताना वेळ सर्वांना सांगावी. त्या तासापुरता गल्ल्यावरच्या यंत्राचा आवाज उतरवावा, दाराची घंटा बंद ठेवावी, पाहुण्यांना नंतरची वेळ द्यावी. धाकट्यांनी त्या वेळेत घरच्या वायफायवर चित्रफिती पाहू नयेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलाची मुलाखत असली, की घर आपोआप कुजबुजत्या आवाजात बोलू लागते. मुलीची किंवा सुनेची असली, तर तिने चहा टाकून मग बसावे, अशी अपेक्षा कोठे कोठे अजून असते. विवाहानंतर काही वर्षे खंड पडलेल्या कित्येक शिकलेल्या सुनांना घरी बसून देता येणारी मुलाखत ही पुन्हा कामाला लागण्याची पहिली वाट आहे. तिचा तो अर्धा तास दुकानातल्या मोठ्या गिऱ्हाइकाइतकाच मोलाचा मानावा. सासूबाईंनी स्वतः दाराशी बसून ‘आत कोणी जाऊ नका’ म्हटले, तर त्या एका वाक्याने सुनेचा आवाज स्थिर होतो.

बैठक, उजेड आणि आवाज

यंत्राची बाजू अवघड नाही. मात्र ती आदल्या दिवशी पाहून ठेवावी लागते.

उजेड समोरून यावा. पाठीशी खिडकी असेल तर चेहरा काळवंडतो आणि केवळ आकृती दिसते. खिडकीकडे तोंड करून बसले, की वेगळा दिवा लागत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. लॅपटॉप मांडीवर वा सपाट टेबलावर ठेवला, तर समोरच्याला हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो. त्याखाली उंचवटा करावा. परंतु त्यासाठी ग्रंथ किंवा पेढीच्या चोपड्या वापरू नयेत. आपल्या घरांत पाट आणि चौरंग असतातच. मोबाईलवरूनच मुलाखत द्यावयाची असेल, तर तो हातात न धरता आडवा, टेकून, स्थिर ठेवावा. पाठीमागची भिंत शक्यतो मोकळी असावी.

आवाज चित्राहून महत्त्वाचा. चित्र क्षणभर थिजले तरी संभाषण चालते. आवाज तुटला की थांबते. साधा तारेचा हेडफोन यासाठी पुरतो. बोलणाऱ्या दोघांपुरत्या चित्रसंवादाला तीन-चार एमबीपीएसचा स्थिर वेग पुष्कळ होतो. अडचण येते ती वेग वरखाली होण्याने. राऊटर त्याच खोलीत असावा, किंवा लॅपटॉप तारेने जोडावा.

विजेचा विचार आधी करावा. देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार असल्याचा महावितरणचा संदेश आला आहे का, हे पाहावे. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे असतात, राऊटर बहुधा नसतो. तो जोडून घ्यावा. दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला एक मोबाईल भारित करून जवळ ठेवावा. पावसाळ्यात सांगलीकरांनी पर्यायी जागाही हेरून ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुराने पेठांचे काय केले, हे आपण विसरलेलो नाही. विश्रामबागेतल्या मावशींची खोली अशा वेळी उपयोगी पडते. एवढे करूनही संपर्क तुटलाच, तर घाबरू नये. मुलाखत ठरवणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक आधी मागून कागदावर लिहून ठेवावा आणि दोन मिनिटांत कळवावे. अडचणीतही माणूस कसा वागतो, हेही समोरचा पाहतच असतो.

एक लहानशी बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. लॅपटॉप किंवा खाते दुकानाचे असेल, तर पडद्यावर उमेदवाराच्या नावाऐवजी ‘अमुक ट्रेडिंग कंपनी’ असे झळकते. आपले पूर्ण नाव तेथे घालून घ्यावे. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पडद्यावर उमटणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. मग एखाद्या मामांना किंवा मैत्रिणीला पलीकडे बसवून एक रंगीत तालीम घ्यावी. झूमच्या विनामूल्य सेवेत बैठक ४० मिनिटांनी संपते. तालमीला तेवढा वेळ भरपूर झाला.

परदेशी कंपनी असेल तर घड्याळ नीट पाहावे. न्यूयॉर्कमधले सकाळचे ९ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपले सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात; तेथील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण आधीच उरकावे. वेळ अगदीच जुळत नसेल, तर दोन-तीन दिवस आधी नम्रपणे दुसरी वेळ मागावी. अशी विनंती वेळेवर केली, तर कोणी तीत उणेपणा मानीत नाही.

‘काही नाही, दुकानात असतो’

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. व्यापारी घरातल्या मुलांचे मोठे नुकसान पडद्याने होत नाही. ते त्यांच्या एका वाक्याने होते.

गणपती पेठेतल्या घाऊक किराणा दुकानातली, बी.कॉम. झालेली एक मुलगी कल्पनेत आणा. हिशोब विभागातल्या जागेसाठी तिची मुलाखत चालू आहे. प्रश्न येतो, ‘आपल्याला कामाचा काही अनुभव?’ ती म्हणते, ‘नाही सर. वडिलांचं दुकान आहे, तिथं थोडी मदत करते.’ तेथेच तो प्रश्न संपतो.

वस्तुतः तिला असे सांगता आले असते : ‘दुकानाची खरेदी-विक्री गेली दोन वर्षे मी टॅलीमध्ये नोंदवते. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी आले, की ते खरेदीच्या नोंदींशी जुळवते. ज्या पुरवठादाराचे बिल त्यात दिसत नाही, त्याला मीच फोन करते. कारण त्याने ते दाखवले नाही, तर आम्हाला कराची वजावट मिळत नाही. ११ तारखेच्या जीएसटीआर-१ चे आणि २० तारखेच्या ३बीचे आकडे मी काढते. सल्लागार ते तपासून भरतात.’

या उत्तरात एकही शब्द फुगवलेला नाही. तरी मुलाखत घेणाऱ्याच्या मनात प्रश्नांची रांग लागेल, आणि त्या प्रत्येकाचे उत्तर तिच्यापाशी आहे, कारण ते काम तिने हाताने केले आहे. पुस्तकातून पाठ केलेले उत्तर दुसऱ्या प्रश्नापाशी संपते. केलेल्या कामाचे उत्तर संपत नाही.

मोती चौकातल्या कापडदुकानातल्या मुलाचेही तसेच. दिवाळीनंतर कोणत्या मापाचे सदरे उरले आणि पुढच्या वर्षी खरेदी कशी बदलली, थकलेली उधारी गिऱ्हाईक न तोडता कशी वसूल केली, रागावलेल्या गिऱ्हाइकाला परतीच्या मालाविषयी काय सांगितले, हे त्याला ठाऊक असते. मोठ्या कंपन्या ज्याला साठ्याचे नियोजन, वसुली आणि ग्राहकसेवा म्हणतात, ते हेच. आपल्याकडे ते जेवताना सहज शिकले जाते, म्हणून त्याला ‘अनुभव’ म्हणावे, हे सुचत नाही.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी मुलांनी आई-वडिलांजवळ बसून असे चार-पाच खरे प्रसंग लिहून काढावेत. प्रत्येकात चार गोष्टी असाव्यात : अडचण काय होती, माझ्याकडे काय काम होते, मी काय केले आणि त्यातून काय निघाले. जेथे आकडा खात्रीने माहीत आहे तेथे तो द्यावा. नसेल तर अंदाज ठोकू नये. गिऱ्हाइकांची नावे, पेढीची उलाढाल, खरेदीचे दर मात्र सांगू नयेत. घरची गुपिते राखणारा माणूस उद्या आमचीही राखील, हे चतुर मालक ओळखतो.

बोलण्याची रीत

पडद्यावर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. समोरच्याचे वाक्य पुरे होऊन एक श्वास जाऊ द्यावा आणि मग बोलावे. म्हणजे दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळत नाही. आपण बोलत असताना दृष्टी कॅमेऱ्यावर असावी, ऐकताना ती पडद्यावर असली तरी चालते. उत्तर दीड-दोन मिनिटांत आवरावे. पलीकडचा माणूस मान हलवतो की कंटाळतो, हे येथे नीट दिसत नाही. म्हणून लांबण लावणे येथे अधिक घातक.

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. त्यांनी आधी उत्तर मराठीत नीट जुळवावे, मग लहान लहान इंग्रजी वाक्यांत मांडावे आणि मोठ्याने म्हणून पाहावे. प्रश्न कळला नाही, तर ‘कृपया पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. न कळता होकार देणे वाईट. पगाराविषयी विचारले, तर पेठेतल्या घासाघिशीचा सूर टाळावा. त्या कामाचा चालू मेहनताना आधी चौकशी करून आपली अपेक्षा एका मर्यादेत सांगावी.

काही ठिकाणी समोर माणूसच नसतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, विचाराला थोडे सेकंद मिळतात आणि उत्तर ध्वनिचित्रमुद्रित होते. अशा वेळी कृत्रिम हसू चेहऱ्यावर चिकटवण्याचे सल्ले दिले जातात. या क्षेत्रातल्या हायरव्ह्यू नावाच्या अमेरिकी कंपनीने चेहऱ्याच्या हालचालींवरून उमेदवार जोखण्याची पद्धत सोडून दिल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले. म्हणून चेहऱ्याची चिंता सोडावी आणि उत्तराची करावी.

नमुन्यात भेसळ नको

खोलीत आपण एकटेच आहोत, कॅमेऱ्याला कोपरा दिसत नाही, तेव्हा मोह होतो. मित्राला बाजूला बसवून उत्तरे विचारावीत, किंवा दुसऱ्या पडद्यावर यंत्राकडून लिहून घेऊन वाचावीत. काही घरांत हे हुशारीचे लक्षण मानले जाऊ लागले आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

उचललेले उत्तर वाचणाऱ्याची नजर एका रेषेत फिरते, आणि अनुभवी माणसाला ती दिसते. जगभर ही लबाडी वाढली, तशी सावधगिरीही वाढली. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, की चोरलेली ओळख आणि संगणकाने घडवलेला चेहरा लावून काही लोक घरबसल्या करावयाच्या नोकऱ्यांसाठी मुलाखती देत आहेत. २०२५ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी निदान एक फेरी प्रत्यक्ष भेटीची ठेवण्याचा मनोदय बोलून दाखवला. म्हणून कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवण्यास सांगितले, तर राग मानू नये. समोर कागदावर चार मुद्दे लिहून ठेवणे ही तयारी आहे. दुसऱ्याच्या डोक्याने बोलणे ही भेसळ आहे. भेसळीचा माल एकदा खपेल. मग रोज त्या खुर्चीत बसून न येणारे काम येत असल्याचे भासवावे लागेल, आणि ती शिक्षा नोकरी न मिळण्याहून मोठी आहे.

भेसळ पलीकडूनही असू शकते. मुलाखतीच्या नावाखाली अनामत रक्कम, प्रशिक्षणाचे शुल्क, ओटीपी किंवा आपला पडदा दूरून हाताळणारे ॲप मागितले, तर तो सौदा तेथेच मोडावा. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

घराला विचारलेला प्रश्न

व्यापारी घरातल्या उमेदवाराला एक प्रश्न ठरलेला असतो : ‘घरचा व्यवसाय असताना आपण नोकरी का करता? सहा महिन्यांनी दुकानात परत तर जाणार नाही?’

हा प्रश्न मुलाला विचारलेला असतो, पण त्याचे उत्तर घराकडे असते. दिवाळीच्या गर्दीत त्याला परत बोलवावे, असे वडिलांच्या मनात असेल, आणि ‘मी दीर्घकाळ राहीन’ असे मुलगा पडद्यावर सांगत असेल, तर नमुना एक आणि माल दुसरा, असे होते. ते खोटे मुलाच्या तोंडी आपण घातलेले असते. म्हणून मुलाखतीआधी एका संध्याकाळी गल्ला बंद झाल्यावर बाप-लेकांनी समोरासमोर बसावे. ‘अण्णा, निदान दोन वर्षे मला बोलावू नका,’ असे मुलाने धीराने म्हणावे. अण्णांनी विचार करून ‘बरं. दोन वर्षे मी भाऊंना घेऊन निभावतो. शब्द दिला,’ असे म्हणावे. आणि ते जमणारे नसेल, तर तेही आजच सांगावे. मग पडद्यावर ‘मी घरी बोललो आहे; दोन वर्षांचा शब्द आहे’ हे वाक्य मुलाच्या तोंडून सरळ निघते. कोणत्याही पोशाखाने वा प्रकाशाने न येणारे वजन त्या वाक्याला येते.

मुलाने नोकरी धरली म्हणजे पेढीला उतरती कळा लागली, असे मानणारे वडीलधारे अजून आहेत. त्यांची व्यथा समजण्यासारखी आहे. तीन पिढ्यांनी जपलेला गल्ला कोणाच्या हाती द्यावा, ही चिंता लहान नाही. त्यांच्यापुढे आपल्याच परिसरातली दोन नावे ठेवतो. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मले. कापसाचा आणि सावकारीचा घरचा धंदा समोर असताना ते रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले, आणि त्यांनी भागीदार निवडला तो एके काळी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांना. दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून पुढे साताऱ्याला शिक्षणाचे केंद्र बनवणाऱ्या या पुरुषाने ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी विक्रेत्याचे काम केले होते. दुसऱ्याचा माल घेऊन गावोगाव फिरण्यात त्यांना उणेपणा वाटला नाही. त्या भ्रमंतीत त्यांना रयत जवळून पाहता आली. बाहेर घेतलेला अनुभव वाया जात नाही. तो कधी पेढीत परत येतो, कधी समाजात.

मुलाखत संपल्यावर आभाराचे दोन ओळींचे पत्र त्याच दिवशी पाठवावे आणि मग मन मोकळे करावे. निवड झाली, तर नेमणुकीचे पत्र हिशोबाच्या पट्टीसारखे ओळ न् ओळ वाचावे. किती काळ बांधून घेतले आहे, सोडताना किती दिवसांची सूचना द्यावी लागेल, हे सही करण्याआधी पाहावे. नकार आला, तर घराने त्याला तोंडी लावू नये. बाजारात चांगल्या मालालाही प्रत्येक सौद्यात बोली लागत नाही. धनी तो झाकून ठेवतो, वाळवतो आणि पुढच्या सौद्याला पुन्हा आणतो. आपल्या मुलामुलींना आपण निदान तेवढी सवड द्यावी.